गौरी जेवणाच्या दिवशी तुंबलेला संडास: एका सोसायटीतलं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूड भागातली ही जुनी सोसायटी. दोन विंगा, तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. प्रकरण घडलं ‘अ’ विंगेत तळमजल्यावर. मी त्याच विंगेत पहिल्या मजल्यावर राहतो आणि गेली सहा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. म्हणजे पाणी नसलं तरी फोन मला, जास्त झालं तरी मलाच. त्या घराची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. पाइप आणि चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या ७८ वर्षांच्या आजी, मुलगा, सून, चौथीतला नातू, आणि आजींना सांभाळायला दिवसभर असणाऱ्या मावशी. आठ वर्षांपूर्वी आजोबा आजारी असताना संडास आणि बाथरूममधली भिंत पाडून एकच खोली केली होती आणि ओरिसा पॅनच्या, म्हणजे उकिडवं बसायच्या भांड्याच्या, जागी कमोड बसवला होता. आमच्यासारख्या जुन्या इमारतींत मैल्याचा बिडाचा पाइप वेगळा असतो आणि अंघोळीच्या, मोरीच्या पाण्याचा वेगळा. मिस्त्रीने त्या कामात नहाणी, म्हणजे अंघोळीचं पाणी जायचं जमिनीतलं जाळीचं तोंड, थेट संडासाच्या पाइपला जोडून टाकली. त्याचा एक दिवस वाचला. तेव्हा कोणाला काही खटकलं नाही.

आणखी दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो, कारण पुढे त्या आडव्या येतात. एक म्हणजे चार वर्षांपूर्वी आम्ही आवारात पेव्हर ब्लॉक बसवले. आवार त्याआधीही एकदा भरलं होतं, त्यामुळे तळमजल्याच्या दाराशी पूर्वी ज्या तीन पायऱ्या होत्या त्या आता नावालाही उरलेल्या नाहीत. दुसरी म्हणजे गेल्या मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावर टाइल्सचं काम झालं.

काय घडलं

गौरी आवाहनाचा दिवस. गौरी आल्या, त्यांच्या पाठोपाठ नागपूरची नणंद सहकुटुंब, साताऱ्याचे काका-काकू. रात्री घरात १३ माणसं. रात्री साडेनऊला भाच्याने फ्लश केला. कमोडमधलं पाणी एकदम चढलं, गुळगुळ आवाज करत उतरलं, आणि दोन हातांवरच्या नहाणीतून काळपट होऊन वर आलं. त्याने घाबरून पुन्हा फ्लश केला. तुंबलेल्या संडासात सगळेच हे करतात, मीही केलं असतं. टाकी जुनी, दहा लिटरची. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं.

खुणा आधीपासून होत्या. नहाणीला दोन दिवस वास येत होता. पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली पेव्हरच्या फटींतून ओल दिसत होती. पण भाद्रपद होता, पाऊस होता, ओल सगळीकडेच होती. सुनेने नंतर सांगितलं की पहाटे कोणी अंघोळीला गेलेलं नसतानाही नहाणीत बुडबुडे यायचे. सणाच्या आदल्या दिवशी नहाणीतले बुडबुडे कोण मोजत बसणार?

पहिल्या रात्रीचे उपाय

घरच्यांनी ठरवलं की कमोड तुंबलाय. तिथून पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

आधी रबरी पंप आणला. पंप दाबला की पाणी खाली रेटलं जायला हवं, पण शेजारी नहाणीचं तोंड उघडं असेल तर सगळा जोर तिथून निघून जातो. झालंही तसंच. मुलगा इकडे पंप मारतोय आणि नहाणीतून कारंजं उडतंय. ओल्या फडक्याचा बोळा नहाणीत घट्ट बसवून पंप मारला असता तर निदान जोर तरी लागला असता. फायदा तरीही झाला नसता, कारण कमोड तुंबलेलाच नव्हता. तुंबलेल्या कमोडमध्ये पाणी भांड्यातच उभं राहतं. इथे ते भांड्यातून बाहेर पडत होतं आणि पुढे वाट न मिळाल्याने सगळ्यात खालच्या तोंडातून परत येत होतं. हे आज मी मोठ्या दिमाखात लिहितोय. त्या रात्री मला फोन आला तेव्हा मीही ‘सकाळी प्लंबर पाठवतो’ म्हणून झोपून गेलो.

मग कोणाच्या तरी सल्ल्याने लिटरभर ॲसिड आणलं, अर्धं कमोडमध्ये आणि अर्धं नहाणीत ओतलं, आणि दार लावून ठेवलं. अडथळा त्या जागेपासून तीसेक फुटांवर, तोही आवारात. मधे सगळं पाणी तुंबलेलं. त्यात अर्धा लिटर ॲसिड काय करणार? पाण्यात पसरलं आणि तिथेच राहिलं. सकाळी वास मारायला म्हणून सूनबाई ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन निघाल्या. नणंदेने हात धरला म्हणून बरं, कारण ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो कोणाच्या छातीत गेला असता ते सांगता येत नाही.

त्या रात्री आणखी एक गोष्ट झाली. ‘मावशी त्या ओल्या पुसण्या टाकतात कमोडमध्ये, त्यानेच झालंय,’ असं घरात कोणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. मावशी वेट वाइप्स कमोडमध्ये टाकत होत्या हे खरं. त्या कुठे टाकायच्या हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या खोलीत कचऱ्याचा डबा नव्हता, हेही खरं.

अडथळा कुठे, हे कसं कळलं

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गौरी पूजनाच्या सकाळी आठला प्लंबर आला. त्याने नहाणीची जाळी काढून स्प्रिंग आत घातली. पंधराएक फूट गेली आणि अडली. ओढून बाहेर काढताना हातावर शिंतोडे उडाले आणि तो ओरडला. ॲसिड टाकलंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बागेच्या नळाखाली पंधरा मिनिटं हात धरून ठेवला तेव्हा आग कमी झाली. कातडी दोन दिवस लाल होती. या प्रकरणात शरीराला झालेली एवढीच इजा, आणि ती पूर्णपणे टाळता आली असती.

प्लंबरचं निदान: कमोडखाली अडकलंय, कमोड उचलावा लागेल, परत बसवायचे धरून साडेतीन हजार. घरचे तयार होते. दुपारी पुरणावरणाचा नैवेद्य, १६ भाज्या, सवाष्णी यायच्या होत्या. अशा वेळी जो कोणी ठामपणे काही सांगेल त्याचं ऐकलं जातं.

याच वेळी मी खाली उतरलो, आणि सूनबाई सहज म्हणाल्या, ‘काका, सकाळी सहाला आम्ही कोणी आत नव्हतो, तरी पाणी वर आलं.’ सकाळी सहाला मी फ्लश केला होता. मला क्षणभर काही बोलवेना.

मग एक साधी चाचणी केली. खालच्या घरातलं पाणी पूर्ण बंद ठेवलं, तिसऱ्या मजल्यावर फोन करून फ्लश करायला सांगितलं, आणि आम्ही तिघं नहाणीकडे बघत उभे राहिलो. पाच-सहा सेकंदांत दोन बुडबुडे फुटले, मग पाणी हललं, मग वर आलं. म्हणजे तिसऱ्या मजल्याचं पाणी आणि या घराचं पाणी जिथे एकत्र होतं, त्याच्याही पुढे वाट बंद होती. कमोड उचलून त्याखाली स्वच्छ पाइप दिसला असता आणि वर साडेतीन हजारांचं बिल. प्लंबरनेही ते लगेच मान्य केलं. ‘मग चेंबर उघडू,’ म्हणाला.

चेंबर, म्हणजे सगळे पाइप येऊन मिळतात तो आवारातला झाकणाचा खड्डा, कुठे होता, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. नकाशा फायलीत सापडला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर काठी टेकत खाली आले आणि म्हणाले, ‘पारिजातकापासून चार पावलं.’ तिथे ती ओल असलेली स्कूटर उभी होती. स्कूटर हलवून पहारीने ठोकत गेलो, एका जागी आवाज पोकळ आला. पेव्हर काढले, वाळू काढली, खाली झाकण. चार वर्षांपूर्वी आमच्याच देखरेखीखाली ते पुरलं गेलं होतं.

झाकण बाजूला केल्यावर ओव्हरसियरकाकांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि अर्धा तास कोणालाही वाकू दिलं नाही. चेंबर काठोकाठ भरलेला. मग गेटजवळचा पुढचा चेंबर उघडला. तो जवळपास कोरडा, तळाशी नुसती ओल. काका म्हणाले, ‘आता शोधायचं काही राहिलं नाही. भरलेल्याच्या पुढे आणि कोरड्याच्या मागे.’ दोन्हींमध्ये सुमारे २० फूट, सहा इंची स्टोनवेअरचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा, पाइप.

समोरचे पर्याय

इथे खरी वेळ गेली, आणि जायलाच हवी होती.

सर्वात सोपा मार्ग अध्यक्षांनी सुचवला. त्यांच्या ओळखीची दोन माणसं अर्ध्या तासात येणार, एक जण चेंबरमध्ये उतरून हाताने काढणार, १५०० रुपये. चेंबर साडेतीन फूट खोल. ‘गटार थोडंच आहे, कमरेएवढं तर आहे,’ हे त्यांचं म्हणणं. घरात १३ माणसं ताटकळलेली आणि हा पर्याय हाताशी असताना नाही म्हणणं सोपं नव्हतं, हे कबूल करतो.

नाही म्हणण्याची कारणं दोन. पहिलं कायद्याचं: हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आणणारा २०१३ चा कायदा कंत्राटदारापुरता नाही, माणूस कामाला लावणाऱ्यालाही लागू होतो, मग तो सोसायटीचा सेक्रेटरी का असेना. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूसाठीची भरपाई दहा लाखांवरून ३० लाख केली. दुसरं कारण ओव्हरसियरकाकांनी सांगितलं आणि तेच जास्त भिडलं. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास प्रमाण कमी असताना येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला. तुंबलेलं ढवळलं की तो एकदम वर येतो. आणि अशा ठिकाणी पहिल्याला काढायला उतरणारा दुसराही बऱ्याचदा परत येत नाही. साडेतीन फुटांत वाकलेल्या माणसाचं तोंड नेमकं पाण्याजवळच असतं. अध्यक्ष गप्प झाले. खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी पोलीस केस आली होती, माणूस नंतर.

दुसरा पर्याय महापालिकेकडे तक्रार. पण रस्त्यावरची वाहिनी त्यांची, आवारातली आमची. कोरडा चेंबर आवारातच होता, म्हणजे प्रश्न आमचाच. तिसरा पर्याय, न उतरता कोरड्या चेंबरमधून उलट दिशेने सळ्या घालून बघणं. प्लंबरने सळ्या जोडून ते केलं. साताठ फुटांवर टणक काहीतरी लागलं. वीस मिनिटं ठोकलं, राखाडी चुरा आला, भोक पडेना. मातीचा जुना पाइप फुटेल म्हणून थांबवलं. चौथा, खोदकाम. सणाच्या दिवशी कोण येणार?

राहिलं जेटिंग मशीन, पाण्याच्या जोरदार झोताने पाइप मोकळा करणारं. खासगी, ५,५०० रुपये, येणार दुपारी चारला. आत्ता वाजले होते साडेदहा.

केलेली कारवाई

मशीन ठरवलं आणि साडेपाच तास कसे काढायचे याच्या मागे लागलो. आतापर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं की तो चेंबर फक्त तळमजल्याचा नाही. आमच्या चारही घरांचा संडास, अंघोळ, स्वयंपाकघर, सगळं शेवटी तिथेच जातं. वरच्या एकाने जरी फ्लश केला तरी खालच्यांच्या नहाणीत येणार. जिन्यात पाटी लावून भागणार नव्हतं. मी प्रत्येक दारात गेलो आणि कारण सांगितलं, ‘तुमचं पाणी त्यांच्या घरात जातंय’. असं सांगितल्यावर कोणी वाद घातला नाही.

‘ब’ विंगेतल्या दोन घरांनी आपले संडास मोकळे ठेवले. सणासुदीला नटून-थटून दुसऱ्याच्या दारात संडासासाठी उभं राहणं बायकांना किती जड गेलं हे मला नणंदेने नंतर सांगितलं. ‘ब’मधल्या एका काकूंनी यावर युक्ती काढली. हळदीकुंकवाचं निमित्त करून सगळ्यांना आपल्याकडेच बसवलं. गौरी मात्र जागच्या हलल्या नाहीत. एकदा बसल्या की हलवायच्या नाहीत, हे आजींचं म्हणणं, आणि त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

आजींना ‘ब’ विंगेपर्यंत चालवणं शक्य नव्हतं. ऑपरेशनच्या वेळची भांडं लावायची खुर्ची माळ्यावरून काढली. ते भांडं झाकून ‘ब’ विंगेत रिकामं करायला दोनदा गेल्या त्या मावशी. आदल्या रात्री जिच्यावर खापर फोडलं तीच. कोणी काही बोललं नाही, त्याही बोलल्या नाहीत.

नैवेद्य साडेबाराला झाला. हात धुवायला बादल्या, ते पाणी मागच्या केळीला. पुरणाची पातेली तशीच रचून ठेवली.

काय निघालं

मशीन चार वीसला सुरू झालं. पाणी वरून खाली सोडत नाहीत. खालच्या, कोरड्या चेंबरमधून नळी वर ढकलतात. तिच्या तोंडाची भोकं मागच्या बाजूला असतात, त्या झोताने नळी पुढे सरकते आणि सुटलेला गाळ मागे, खालच्या चेंबरमध्ये येतो. तिथे जाळी धरलेली असते, म्हणजे घाण पुढे रस्त्याच्या वाहिनीत जात नाही.

पहिली दहा मिनिटं फक्त काळं पाणी. मग राखाडी कपचे, एका बाजूने पाइपच्या गोलाईचे. मे महिन्यातल्या टाइल्सच्या कामाचं सिमेंटचं पाणी मिस्त्रींनी रोज संध्याकाळी संडासात ओतलं होतं, त्याचा तळाशी थर बसून दगड झाला होता. त्या खडबडीला अडकून मागे सगळं साचत गेलं होतं. वेट वाइप्सचा पीळ पडलेला दोर, मनगटाएवढा जाड. त्या कागदाच्या नसतातच, बहुतेकांत प्लास्टिकचा धागा असतो, त्यामुळे पाण्यात विरघळत नाहीत. सॅनिटरी पॅड, फुगून तिप्पट झालेले. खालच्या घरातले नव्हते, एवढं तिथेच स्पष्ट झालं. आणि शेवटी निळी प्लास्टिकची जाळी, कमोडच्या कडेला सुगंधी वडी अडकवायची असते ती.

ती आमच्या घरची होती. जुलैत एकदा ती दिसेनाशी झाली तेव्हा ‘गेली असेल वाहून’ म्हणून मी नवीन लावली होती.

पाच वाजता भरलेला चेंबर एकदम खाली गेला. तिसऱ्या मजल्यावर फ्लश करायला सांगितलं. खालच्या नहाणीत पाणी हललंही नाही.

खर्चाचा वाद

मशीन ५,५००, चेंबर पेव्हरच्या पातळीपर्यंत बांधून नवं झाकण बसवायला ४,२००, प्लंबर ८००. अध्यक्षांचं पहिलं मत: पाणी त्यांच्या बाथरूममध्ये आलं, खर्च त्यांचा. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटी ज्या नियमांवर चालते त्यांत, मात्र ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाच्या यादीत स्पष्ट लिहिलेली आहे. मग दुसऱ्या मजल्याकडून वसूल करा, असा सूर निघाला. कोणाचं किती सिमेंट, कोणाचे किती पॅड, हे ठरवायला बसलो असतो तर पुढची गौरी आली असती. मी बैठकीत निळी जाळी माझी असल्याचं सांगितलं. हशा झाला आणि मशीन, चेंबर सोसायटीच्या खात्यात गेले. प्लंबरचे ८०० त्या कुटुंबाने दिले, वर त्याच्या हाताच्या मलमाचेही.

वेगळं काय करता आलं असतं

वरच्या मजल्यावर फ्लश करून बघण्याची ती चाचणी पाच मिनिटांची आहे. आदल्या रात्री साडेनऊला केली असती तर ॲसिड आलं नसतं, प्लंबरचा हात भाजला नसता, आणि मशीन सकाळीच मिळालं असतं. फोनवर मी एवढंच विचारायला हवं होतं: पाणी भांड्यात थांबलंय की दुसरीकडून येतंय? भांड्यात थांबलं असेल तर पंप चालवा. दुसरीकडून येत असेल तर ताबडतोब वरच्यांना पाणी थांबवायला सांगा आणि चेंबर शोधा.

ॲसिडचा मोह कसा आवरायचा, मला माहीत नाही. ते स्वस्त आहे, कोपऱ्यावर मिळतं, आणि ओतलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. निदान ओतलं असेल तर येणाऱ्या माणसाला दारातच सांगावं.

पेव्हर बसवताना चेंबरची झाकणं वर घ्यायला हवी होती. कंत्राटदाराने विचारलं होतं, आम्ही झाकणामागचे पैसे वाचवले. आता पाचही चेंबर मोजून, पारिजातकापासूनच्या अंतरांसह, जिन्यातल्या फळ्यावर काढले आहेत. घरात काम काढणाऱ्याकडून लिहून घेतो की सिमेंटचं पाणी संडासात जाणार नाही, पिंपात निवळवून गाळ राडारोड्यात जाईल. लिहून दिलेलं पाळलं जातं का, हे बघायला संध्याकाळी सहाला वर जावं लागतं, ते मी दोनदा गेलो, तिसऱ्यांदा कंटाळा केला.

खालच्या घरात कमोडशेजारी झाकणाचा डबा आला. वाइप्स आणि पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून कचरावेचक ताईंकडे वेगळे जातात. डबा आणायला मावशींनाच पैसे दिले होते. त्यांनी पायाने उघडणारा आणला, आजींना वाकायला नको म्हणून.

नहाणी अजून संडासाच्याच पाइपला जोडलेली आहे. ती वेगळी करायला लादी फोडावी लागेल. दिवाळीनंतर बघू म्हणाले होते, आता उन्हाळ्यात बघू म्हणतायत.